एसएमपीएस घेताना हिशेब पुढच्या ग्राफिक कार्डाचा करा

आजच्या पीसीला पुरेल एवढाच एसएमपीएस (पीसीच्या सगळ्या भागांना वीज देणारा डबा) घेतला, तर नव्या ग्राफिक कार्डासोबत तोही बदलावा लागतो. म्हणून बेरीज करायची ती पुढे बसवायच्या भागांची.

समजा, आज रायझन ५ ७६०० प्रोसेसर आणि आरटीएक्स ४०६० ग्राफिक कार्ड आहे. प्रोसेसरला जास्तीत जास्त ८८ वॉट, कार्डाला ११५, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे यांचे मिळून ६० धरा. झाले २६३. चांगला ४५० वॉटचा एसएमपीएस हे आरामात ओढेल. पण मदरबोर्डवरच्या त्याच एएम५ सॉकेटवर (प्रोसेसर बसायच्या जागेवर) उद्या रायझन ७ ९८००एक्स३डी (१६२) बसवला आणि आरटीएक्स ५०७० टीआय (३००) घेतले, की बेरीज ५२२ वर जाते. त्यावर ४० टक्के वाढवून ७५० वॉटचा घ्या. एवढी जागा लागतेच, कारण कार्ड क्षणभरासाठी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वीज खेचते आणि कमकुवत एसएमपीएस भर गेममध्ये पीसी बंद पाडतो. असे झटके सोसण्याची अट एसएमपीएसच्या एटीएक्स ३.० या मानकापासून आली. नवा घेताना ३.१ लिहिलेलाच मागा.

दुकानात खोक्यावरच्या मोठ्या आकड्यावर जाऊ नका. एसएमपीएसच्या अंगावरचे लेबल वाचा, त्यातला १२ व्होल्टचा रकाना. ७५० वॉटच्या चांगल्या एसएमपीएसवर तिथे ६२ अँपिअरच्या आसपास दिसेल, कारण १२ गुणिले ६२ म्हणजे ७४४. ‘५०० वॉट’ लिहून १२ व्होल्टला २५ अँपिअरच दिले असतील, तर प्रोसेसर आणि कार्डाच्या वाट्याला फक्त ३०० वॉट येतात. कॅबिनेटसोबत मिळणाऱ्या एसएमपीएसचे हे लेबल तर हमखास तपासा. ८० प्लस गोल्डचा शिक्का वीज किती कमी वाया जाते एवढेच सांगतो.

आता वायरी. ५०७० टीआयसाठी १२व्ही-२x६ ची (कार्डाला वीज देणाऱ्या नव्या प्लगची) वायर एसएमपीएससोबतच आलेली बरी. प्लग शेवटपर्यंत दाबा. प्लग आणि सॉकेट यांच्यात फट दिसता कामा नये. अर्धवट बसलेल्या पिना तापतात आणि प्लास्टिक वितळते. आठ पिनांची दोन टोके लागणारे कार्ड असेल, तर दोन वेगळ्या वायरी लावा, एकाच वायरीची दोन टोके नकोत.

मॉड्युलर, म्हणजे वायरी सुट्या होणारा, एसएमपीएस बदलताना जुन्या वायरी तशाच ठेवण्याचा मोह होतो. ते कधीच करू नका! एसएमपीएसकडच्या पिनांचा क्रम ठरलेला नाही, तो वेगळा असू शकतो. प्लग नीट बसतो, पण ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले की एसएसडी आणि हार्ड डिस्क क्षणात जळतात, डेटासकट.

यूपीएसचाही विचार आत्ताच करा. ६०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा) यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो. वरचा दुसरा पीसी गेम चालू असताना लाइट गेली, तर त्यावर तो तग धरणार नाही.