ओपीडीतून क्लेमच्या टेबलावर

एमबीबीएसनंतर तीन वर्षं आरएमओ, म्हणजे हॉस्पिटलची निवासी डॉक्टर होते, मग चिंचवडला सहा वर्षं स्वतःचा दवाखाना चालवला. त्यानंतर पुण्यातल्या एका टीपीएमध्ये (थर्ड पार्टी ॲडमिनिस्ट्रेटर) मेडिकल ऑफिसर म्हणून रुजू झाले, तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "म्हणजे आता तू पेशंट तपासणार नाहीस?" मला उत्तर देता आलं नाही. दवाखाना बंद करावा की नाही, या विचारात असलेल्या डॉक्टरांचे मला अधूनमधून फोन येतात. त्यांना जे तुकड्यातुकड्यांत सांगते, ते इथे एकत्र लिहिते.

टीपीए विमा कंपनीच्या वतीने कॅशलेसची मंजुरी आणि क्लेमची छाननी सांभाळते. क्लिनिकल काम सोडणारे बरेच डॉक्टर इथूनच सुरुवात करतात. टेबलावर शेजारी बीएएमएस, बीएचएमएस झालेले सहकारी भरपूर असतील. कोणाची डिग्री मोठी, हा विचार पहिल्याच दिवशी सोडून द्या. मला पॉलिसी वाचायला एका बीएचएमएस सिनियरने शिकवलं, आणि तेवढ्या बारकाईने मी त्याआधी कोणताही कागद वाचला नव्हता.

पॉलिसी वाचणं हेच खरं शिक्षण आहे. एक उदाहरण घ्या. विम्याची रक्कम 3 लाख आणि रूमच्या भाड्याला रोज 1 टक्क्याची मर्यादा, म्हणजे 3,000 रुपये. पेशंटने 6,000 ची रूम घेतली. नातेवाइकांना वाटतं की फक्त भाड्यातला फरक खिशातून जाईल. पण पॉलिसीत प्रमाणात कपातीची अट असेल तर डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हेही निम्मंच मंजूर होतं. औषधं, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयूचे चार्जेस मात्र या कपातीत धरता येत नाहीत. शिवाय जे हॉस्पिटल रूमच्या दर्जाप्रमाणे बिल बदलत नाही, तिथे ही कपात लावताच येत नाही. दवाखान्यात मी कितीतरी पेशंटना "मेडिक्लेम आहे ना, मग काळजी नको" असं सांगून ॲडमिशनला पाठवलं होतं. त्यांची रूमची मर्यादा मी एकदाही विचारली नव्हती. आज याचं वाईट वाटतं.

आता त्या फाइलबद्दल सांगते, जिच्यामुळे मी या कामात टिकले. पन्नाशीचे गृहस्थ, पायाला सेल्युलायटिस (त्वचेखालचा जंतुसंसर्ग), पॉलिसी दोन वर्षांची. इनडोअर पेपरवर आरएमओच्या घाईच्या अक्षरात लिहिलेलं: डीएम (मधुमेह), पुढे फुली (म्हणजे 'इतक्या काळापासून'), पुढे 5. बस. 5 काय, ते नाही. आधीच्या शिफ्टमधल्या सहकाऱ्याने शेरा मारला होता, "मधुमेह पाच वर्षांपासून, प्रपोजल फॉर्मवर उल्लेख नाही, नामंजूर करावा." प्रपोजल फॉर्म म्हणजे पॉलिसी घेताना भरलेला अर्ज. मी त्या 5 कडे बघत बसले. रात्री दोन वाजता, तीन ॲडमिशन एकदम आलेली असताना, मीही असंच लिहीत असे. तो कागद आपल्या वॉर्डाबाहेर जाऊन कोणाच्या तरी दीड-दोन लाखांचा निकाल लावेल, हे तेव्हा डोक्यातही येत नसे.

हॉस्पिटलच्या डेस्कला फोन केला आणि पहिल्या निदानाचा ओपीडी पेपर मागवला. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: क्लेम अडकल्यावर डॉक्टरांनी लिहून दिलेल्या सर्टिफिकेटला फारसं वजन नसतं, त्या वेळच्या कागदाला असतं. पेपर आला. तारीख पाच महिन्यांपूर्वीची, शेरा "नव्याने आढळलेला मधुमेह", सोबत त्याच आठवड्याचा लॅबचा रिपोर्ट. म्हणजे पाच वर्षं नव्हे, पाच महिने, आजार पॉलिसीनंतरचा. क्लेम मंजूर झाला. ते गृहस्थ मला कधी भेटले नाहीत, भेटणारही नाहीत. पण सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या संध्याकाळी मिळालं.

उलटंही घडतं. डेंग्यूच्या नावाखाली प्लेटलेट व्यवस्थित असलेली, ओपीडीत बरी होणारी तापाची केस पाच दिवस ॲडमिट दाखवलेली असते. चार पेशंटचे टीपीआर (ताप-नाडी-श्वास) चार्ट एकाच पेनाने, एकाच दमात भरलेले दिसतात. तिथे नाही म्हणावंच लागतं. समोरचा सर्जन कधी आपला बॅचमेट निघतो आणि फोनवर आवाज चढवतो. नियम क्रमांक आणि कागद यांवरच बोला, जुनी मैत्री मध्ये आणू नका.

नियम मात्र सतत ताजे ठेवावे लागतात. विमा नियामक आयआरडीएआयच्या 29 मे 2024 च्या मास्टर सर्क्युलरनंतर कॅशलेसचा निर्णय एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी लागते. त्या उशिरामुळे हॉस्पिटलने जास्त पैसे लावले तर ते विमा कंपनीवर पडतात. क्लेम रिव्ह्यू कमिटीच्या मंजुरीशिवाय क्लेम नाकारता येत नाही. आधीपासूनच्या आजाराचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त 36 महिने झाला आहे, आणि पॉलिसी सलग 60 महिने चालू असेल तर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती लपवल्याचं कारण पुढे करता येत नाही. हे मुलाखतीतही विचारतात.

पैशांचं सरळ सांगते: चालता दवाखाना असेल तर पहिला पगार कमी वाटेल. टीपीएमध्ये रात्रपाळी असते, रोजच्या फाइलींचा आकडा ठरलेला असतो, आणि पहिले सहा महिने मान आणि डोळे दुखतात. मी दोन वर्षांनी विमा कंपनीत गेले, आधी क्लेम्समध्ये, मग अंडररायटिंगमध्ये. तिथे प्रश्न बदलतो: हा माणूस आज आजारी आहे का, याऐवजी याला विमा कोणत्या अटीवर द्यायचा. नेटवर्क (कंपनीशी करार असलेल्या) हॉस्पिटलांचे दर ठरवणं, फसवणुकीचा तपास, नवीन प्रॉडक्टची रचना याही वाटा डॉक्टरांना खुल्या आहेत. बोलण्याची हातोटी असेल तर नेटवर्क बघा, मला ते जमलं नाही.

त्यासाठी एमबीए लागतंच असं नाही. मुंबईच्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाच्या लायसेन्शिएट, असोसिएट, फेलोशिप या परीक्षा नोकरी सांभाळून देता येतात. मी असोसिएटचा अभ्यास पीएमपीएमएलच्या बसमध्ये केला. सरकारी बाजू समजून घ्यायची असेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची पॅकेजेस वाचा आणि जवळच्या हॉस्पिटलात त्या योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राशी अर्धा तास बोला.

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन मात्र सोडू नका. दर पाच वर्षांनी नूतनीकरण असतं, त्यासाठी सीएमईचे (डॉक्टरांच्या पुढच्या शिक्षणाच्या कार्यक्रमांचे) 30 क्रेडिट लागतात. टेबलावर बसलं की सीएमईला जाणं आपोआप सुटतं, आणि चौथ्या वर्षाच्या शेवटी धावपळ होते. मी आता वर्षाला सहा-सात क्रेडिटचा हिशेब ठेवते, आणि रविवारी सकाळी मैत्रिणीच्या दवाखान्यात दोन तास बसते. तिथे केसपेपर लिहिताना आकड्यापुढे दिवस, महिने की वर्षं, ते पूर्ण अक्षरांत लिहिते.