‘ते’ ऑपरेशन आणि मेडिक्लेम: या चुका टाळा

मेडिक्लेमच्या फायली लावून द्यायचं माझं काम. गुडघा, मोतीबिंदू, बायपास असेल तर माणसं खणखणीत आवाजात बोलतात. पिनाइल इम्प्लांट (ताठरता येत नसेल तर लिंगात बसवायचं साधन) असलं की खुर्ची पुढे ओढून ‘ते ऑपरेशन’ म्हणतात. घोळ तिथूनच सुरू होतो.

आजार गुळमुळीत लिहून घेणं. एक निवृत्त शिक्षक आले होते. जुना मधुमेह, पॉलिसी घेताना सांगितलेला. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, शेवटी इम्प्लांट. हॉस्पिटलच्या डेस्कवरच्या पोराला सरांनीच विनवलं, “जरा सभ्य शब्दांत लिही रे.” त्यानं ‘लैंगिक समस्या’ लिहिलं आणि आजाराचा कोड टाकला एफ ५२.२. हा मानसिक कारणाचा कोड. शारीरिक कारणानं आलेल्या नपुंसकत्वाचा कोड एन ४८.४. टीपीएनं, म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं क्लेम तपासणाऱ्या संस्थेनं, क्लेम फेटाळला: ऑपरेशनची वैद्यकीय गरज सिद्ध होत नाही. चूक टीपीएची नव्हती, कागद तसंच सांगत होता.

मग युरॉलॉजिस्टचं पत्र, डॉपलर (रक्तप्रवाहाची तपासणी), साखरेचे जुने रिपोर्ट, गोळ्यांची प्रिस्क्रिप्शनं जोडून फाइल परत लावली. ऑपरेशनचा खर्च मंजूर झाला, इम्प्लांटचा अडकला. इम्प्लांटच्या खोक्यातलं सीरियल नंबरचं स्टिकर फाइलला नव्हतं. विचारलं तर सर खाली बघत म्हणाले, “स्टिकरचं ते कार्ड मी फाडून टाकलं. सून कपाट आवरते.” ओटी नोटवर, म्हणजे ऑपरेशनच्या नोंदीवर, दुसरं स्टिकर होतं म्हणून निभावलं. त्यासाठी हॉस्पिटलात पाच हेलपाटे घातले, मी.

तेव्हापासून डिस्चार्ज समरी पक्की होण्याआधीच मागवतो. आजार, त्याचं कारण, कोड, तिन्ही लाल पेननं तपासतो. स्टिकरचा फोटो त्याच दिवशी.

‘हायड्रोसील लिहून द्या’ म्हणणं. म्हणजे इम्प्लांटऐवजी अंडकोषातलं पाणी काढल्याचं दाखवायचं. दर दोन-तीन महिन्यांनी एक तरी हुशार हे सुचवतो. माझ्याकडून ते होणार नाही. ओटी नोट एक सांगते, बिल दुसरं, पकडलं जातंच. मग क्लेम जातो, पॉलिसीही जाते आणि उद्या बायकोच्या अँजिओप्लास्टीला हात चोळत बसायचं.

वंध्यत्व आणि नपुंसकत्व एकच समजणं. नकाराच्या पत्रात ‘एक्सक्ल १७’ (वंध्यत्वाचे उपचार वगळणारं कलम) दिसलं की लोक गप्प घरी जातात. ते कलम काढून वाचा. त्यात गर्भनिरोध, नसबंदी, आयव्हीएफ, सरोगसी, नसबंदी उलटवणं आहे. ताठरतेचा शब्द नाही. मात्र काही पॉलिसींत लैंगिक दुर्बलतेच्या उपचारांना वगळणारी वेगळी ओळ असते. ती असेल तर मी पहिल्याच भेटीत सांगतो, पदरचे पैसे धरा.

मधुमेह लपवणं. आधीपासूनच्या आजाराला कव्हर मिळायला जास्तीत जास्त ३६ महिने थांबावं लागतं. पूर्वी ४८ होते. तेवढाही धीर नसलेले नवे पॉलिसीधारक लपवतात आणि पुढे फाइलमध्ये दहा वर्षांपूर्वीची मेटफॉर्मिनची चिठ्ठी निघते.

फोनवरच्या ‘हो सर, कव्हर आहे’वर विसंबणं. ठरवून करायचं ऑपरेशन आहे, घाई कसली? आधी प्री-ऑथ (खर्चाच्या पूर्वमंजुरीचा अर्ज) टाका, उत्तर लेखी घ्या.

खोलीभाड्याच्या कपातीला मान डोलावणं. पॉलिसीच्या मर्यादेपेक्षा महागडी खोली घेतली म्हणून बिलात प्रमाणात कपात होते, पण इम्प्लांटच्या किमतीवर ती लावता येत नाही. बिलात बघा, कुणीतरी लावलेली असते.

नकार आला की लगेच लोकपाल. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी जा. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे कार्यालय आहे. तिथं तक्रार करायची मुदत एक वर्ष. फी नाही, वकील लागत नाही, चालतही नाही. म्हणजे सुनावणीला स्वतःच बोलायचं. सरांसारख्यांची मी आदल्या दिवशी टेबलासमोर बसवून तालीम घेतो, आजाराचं नाव तीनदा मोठ्यानं म्हणायला लावून.