घर बदलताना गॅस आणि वीज : तयारीची यादी

सिलिंडरची जोडणी माणसाच्या नावाची असते आणि विजेची जोडणी जागेची असते, हा फरक ध्यानात ठेवला की घर बदलतानाची निम्मी कामे आपोआप सुचतात. गॅस कागदावरून तुमच्यामागे येतो. वीजमीटर मात्र भिंतीवरच राहतो आणि आधीच्या माणसाने काही थकवले असेल तर तेही तिथेच राहते. नाशिकचे भाड्याचे घर सोडून पुण्यातील एका जुन्या इमारतीत विकत घेतलेल्या सदनिकेत जाणारे कुटुंब समोर ठेवून ही यादी लिहिली आहे. मुंबईत महावितरणच्या जागी बेस्ट, अदानी किंवा टाटा असेल, पण कामांचा क्रम फारसा बदलत नाही.

विजेचे पहिले काम खरेदीखताच्या आधीचे आहे. विकणाऱ्याकडून सर्वात अलीकडचे वीजबिल मागून घ्यावे आणि त्यावरील बारा अंकी ग्राहक क्रमांक टाकून थकबाकी आहे का, ते स्वतः पाहावे. ‘सगळे भरलेले आहे’ हे तोंडी आश्वासन पुरेसे समजू नये. वीज कायद्याखालील नियमांत तशी तरतूद असल्यास आधीच्या मालकाची थकबाकी नव्या मालकाकडे मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये मान्य केले आहे. म्हणून थकबाकी शून्य असल्याचे बिल हाती आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याच बिलावरचा मीटर क्रमांक घेऊन तळमजल्यावरील मीटरच्या खोलीत जावे. जुन्या इमारतींत वीस-पंचवीस मीटर एका ओळीत असतात, त्यांच्याखाली रंगाने लिहिलेले सदनिकांचे आकडे पुसट झालेले असतात आणि मीटर बदलले गेले की आकडे तसेच राहून जातात. घरातील मुख्य स्विच एकाने बंद करावा आणि दुसऱ्याने खाली उभे राहून कोणत्या मीटरवरचा लाल दिवा लुकलुकायचा थांबतो ते पाहावे. हे दहा मिनिटांचे काम न केल्यामुळे मी एकदा तीन महिने शेजाऱ्यांचे बिल भरत होतो आणि ते माझे. त्यांचा वापर कमी होता, त्यामुळे चूक त्यांच्याच लक्षात आली.

ताबा घेण्याच्या दिवशी मीटरचा फोटो दोघांच्या समक्ष घ्यावा. मीटरच्या पडद्यावर आकडे आळीपाळीने येत-जात असतात, त्यांतील ‘केडब्ल्यूएच’ (kWh) असे लिहिलेला आकडा म्हणजे रीडिंग. तो येईपर्यंत थांबावे आणि ताबा पावतीवर तारखेसह लिहून घ्यावा. त्यानंतर नाव बदलण्याचा अर्ज करावा. इंडेक्स टू (खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा), आधार, भरलेले शेवटचे बिल आणि सोसायटीचे पत्र एकत्र ठेवलेले असले म्हणजे खेटे वाचतात. आधीच्या मालकाने भरलेली सुरक्षा ठेव त्याच्या संमतीने तुमच्या नावावर वर्ग होणार की तुम्ही नव्याने भरणार, हे व्यवहार ठरतानाच लिहून ठेवावे. नंतर यावरून उगाच कटुता येते. नाव बदलण्याची वाट न पाहता स्वतःचा मोबाइल क्रमांक मात्र लगेच नोंदवावा, कारण बिलाचा संदेश जुन्या मालकाकडे जात राहिला तर दंडाची रक्कम तुमच्या बिलात येईल.

बिलावर ‘मंजूर भार’, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती वीज वापरायला परवानगी आहे, तेही पाहावे. गिझर दोन किलोवॉटचा, दीड टनाचा एसी साधारण दीड किलोवॉटचा, इंडक्शनची शेगडी दोनपर्यंत, आणि सकाळी साडेसात वाजता ही तिन्ही एकदम चालू असतात. भार कमी असेल तर तो वाढवून घेण्याचा अर्ज नावबदलाबरोबरच करावा. परवानाधारक वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावे. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवलेला नसेल तर सामान लावण्यापूर्वीच बसवावा आणि त्यावरील चाचणीचे बटण दाबून तो खटकन पडतो ना, हे पाहावे.

गॅसच्या एजन्सीकडे निदान आठवडाभर आधी जावे. त्याच शहरात राहणार असाल तर सिलिंडर आपल्याकडेच राहतो आणि नाव फक्त दुसऱ्या वितरकाकडे वर्ग होते. नाशिकहून पुणे म्हटले की सिलिंडर व रेग्युलेटर जमा करून टर्मिनेशन व्हाउचर, म्हणजे जोडणी बंद केल्याचा कागद, घ्यावे लागते. एजन्सीत त्याला सर्रास ‘टीव्ही’ म्हणतात, म्हणून ‘टीव्ही काढायला आलोय’ हे ऐकून दचकू नये. अनामत परत मिळते ती जोडणी घेताना मिळालेल्या तुमच्या सबस्क्रिप्शन व्हाउचरवर लिहिलेल्या जुन्या दराने, आणि नव्या ठिकाणी भरावी लागते ती चालू दराने. जून २०२२ मध्ये ती १४.२ किलोच्या सिलिंडरसाठी १४५० वरून २२०० रुपये आणि रेग्युलेटरसाठी १५० वरून २५० रुपये झाली. जमा केलेल्या सिलिंडरमध्ये उरलेल्या गॅसचे पैसे मिळत नाहीत, तेव्हा शेवटची नोंदणी हिशेबाने करावी. भरलेला सिलिंडर सामानाच्या ट्रकमध्ये घालून नेण्याचा मोह मात्र कोणी करू नये.

नव्या इमारतीत पाइपचा गॅस असेल तर वरचा नियम उलटतो, कारण ती जोडणी विजेसारखी जागेची असते आणि तिथेही मीटरचे रीडिंग, थकबाकी व नावबदल आलेच. शेगडी मात्र तुमची असते. सिलिंडरवर चालणारी शेगडी पाइपच्या गॅसवर लावली तर ज्योत मिणमिणती राहते, कारण दाब कमी असतो आणि जेटचे, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणाऱ्या तोटीचे, छिद्र लहान पडते. जेट कंपनीच्या माणसाकडूनच बदलून घ्यावेत. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो आणि पाइपचा हलका असल्याने छताकडे जातो, हे घरातील सगळ्यांना सांगून ठेवावे. वास आला तर विजेच्या बटणाला हात न लावता दारे-खिडक्या उघडाव्यात आणि घराबाहेर येऊन कळवावे, सिलिंडरचा गॅस असेल तर १९०६ वर आणि पाइपचा असेल तर त्या कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकावर.

पहिला सिलिंडर दारात आला की सील पाहावे, झडपेवर साबणाचे पाणी टाकून बुडबुडे येतात का ते पाहावे आणि त्यावर कोरलेल्या रिकाम्या वजनात १४.२ किलो मिळवून वजनकाट्यावर खात्री करावी. नारिंगी सुरक्षा पाइप पाच वर्षांपेक्षा जुना असेल तर तो नाशिकलाच टाकून द्यावा. गॅस यायला दोन दिवस लागले तर चहा-भातापुरती इंडक्शनची शेगडी आणि तिच्यावर चालणारे एक पातेले वेगळ्या पिशवीत ठेवावे. ही पिशवी ट्रकमध्ये सर्वात शेवटी चढवावी.

नाशिकच्या घराचे अखेरचे रीडिंग घेऊन तोपर्यंतचे बिल भरावे, त्या खात्यावरून आपला मोबाइल क्रमांक काढायला लावावा आणि भरल्याची पावती घरमालकांच्या हाती देऊन एक प्रत स्वतःकडे ठेवावी, कारण घराची अनामत परत करण्यापूर्वी ते पहिल्यांदा तीच मागतात.