लंडनचे बँक स्थानक कसे पाहावे

लंडनच्या भुयारी रेल्वेचे बँक स्थानक नीट पाहायचे असेल, तर कामाच्या दिवशी सकाळची गर्दी ओसरल्यावर आणि संध्याकाळची सुरू होण्याआधी जावे. शनिवार-रविवारी निवांतपणा मिळतो खरा, पण त्या दिवशी वॉटरलू अँड सिटी मार्गाच्या गाड्या धावत नाहीत. निघण्यापूर्वी एवढे ध्यानात ठेवावे की, हे स्थानक कोणी एका आराखड्याने बांधलेले नाही. वॉटरलू अँड सिटी १८९८ मध्ये आणि सिटी अँड साउथ लंडन व सेंट्रल लंडन १९०० मध्ये अशा तीन कंपन्या येथे आपापले बोगदे घेऊन आल्या. १९३३ मध्ये शेजारचे मॉन्युमेंट स्थानक सरकत्या जिन्यांनी जोडले गेले आणि १९९१ मध्ये डॉकलंड्स लाइट रेल्वेची भर पडली. म्हणून येथे नजर सांध्यांवर ठेवावी.

सुरुवात रस्त्यावरून करावी. कॉर्नहिलवर ग्रेटहेड या अभियंत्याचा पुतळा आहे. त्याचा चौथरा म्हणजे खाली उतरणारी हवेची चिमणी आहे. तेथून सेंट मेरी वूलनॉथ हे अठराव्या शतकातील चर्च गाठावे. रेल्वे कंपनीला ते पाडायचे होते, पण विरोध झाल्यामुळे तिने फक्त तळघर घेतले, तेथील मृतांचे अवशेष हलवले आणि पोलादी तुळयांवर चर्च तोलून धरून खाली स्थानक बसवले.

आत गेल्यावर आधी सेंट्रल मार्गाच्या फलाटाच्या एका टोकाला उभे राहावे. फलाट इतका वळलेला आहे की दुसरे टोक दिसत नाही. वरच्या इमारतींच्या मालकांना पैसे द्यावे लागू नयेत म्हणून बोगदा रस्त्यांच्या खालून नेला होता, आणि त्या काटकसरीचे फळ म्हणून गाडी व फलाट यांच्यात मोठी फट राहते. लहान मूल बरोबर असेल, तर त्याचा हात धरावा.

पुढचा टप्पा नॉर्दर्न मार्गाचा, म्हणजे पूर्वीच्या सिटी अँड साउथ लंडनचा, असून सर्वांत जास्त वेळ त्यालाच द्यावा. जुने दोन्ही फलाट अरुंद होते आणि ते रुंद करायला जागा नव्हती. म्हणून २०१६ पासून पश्चिमेला दक्षिणेकडच्या गाड्यांसाठी नवा बोगदा खोदण्यात आला, आणि जानेवारी ते मे २०२२ मध्ये मार्गाचा हा भाग बंद ठेवून रूळ तिकडे वळवले गेले. उत्तरेकडच्या फलाटावरून आडव्या वाटेने आत शिरले की जे लांबलचक दालन लागते, तो जुना दक्षिणेकडचा फलाट होय. तेथे पायांखाली नव्हे, वर पाहावे: छताची कमान अजून बोगद्याचीच आहे, आणि आज आपण जेथून चालतो तेथून एके काळी गाडी जात असे.

वॉटरलू अँड सिटीकडे जाणाऱ्या वाटेत लाल रंगाचे जाड लोखंडी कडे दिसेल. बोगदा खणताना माती ढासळू नये म्हणून पुढे सरकवत नेतात त्या लोखंडी ढालीचा, खणून झाल्यावर जमिनीतच सोडून दिलेला, तो अवशेष असून १९८७ मध्ये डॉकलंड्सच्या कामात तो सापडला. प्रवासी त्याच्या आतून चालत जातात, आणि बहुतेकांना ते ठाऊकही नसते. बाहेर पडताना २०२३ मध्ये उघडलेले कॅनन स्ट्रीटचे दार घ्यावे. मॉन्युमेंट स्थानक पाहायचे असल्यास तेथून रस्त्यानेच जावे. जमिनीखालची वाट उगाच दमवते.