रात्री छातीत धडधडतं? या चुका मी केल्या, तुम्ही टाळा

आमच्या भागात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, आणि बरेचदा रात्री-अपरात्रीच. त्यामुळे अडीच वाजता छातीत धडधडायला लागलं तेव्हा पहिला संशय पाण्यावरच गेला. दचकून उठायचं, मोटर लावायची, पिंपं भरायची, परत आडवं व्हायचं. धडधडणार नाही तर काय? सहा महिने मी स्वतःची हीच समजूत घालत राहिलो. पुढे तारखा लिहायला लागलो तेव्हा कळलं, की पाण्याच्या रात्रीची धडधड पाच मिनिटांत जिरते. खरी धडधड पाणी नसलेल्या रात्री, गाढ झोपेतून उठवते.

तीन वर्षं झाली. टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) चांगला निघाला, रक्तही ठीक. पक्कं कारण आजही हातात नाही. या काळात मी जे जे चुकीचं केलं ते लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सकाळी ईसीजी काढून निश्चिंत होणं. रात्री अडीचला घाम फुटतो आणि आपण ईसीजी काढतो सकाळी अकराला, शांत बसलेल्या हृदयाचा! नेहमीच्या ईसीजीत जेमतेम 10 सेकंदांची नोंद असते, आणि दिवसाचे सेकंद असतात 86,400. चोर रात्री येऊन गेला आणि पोलिसांनी दुपारी गल्लीचा फोटो काढला, तसलंच हे. माझा कागद पाहून ‘नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका’ असं सांगितलं गेलं, आणि मीही मान डोलावून घरी आलो. त्या 10 सेकंदांपुरतं ते खरंच होतं. धडधड रोज किंवा दिवसाआड येत असेल तर 24 ते 48 तासांचं होल्टर, म्हणजे छातीला पट्ट्या चिकटवून ठोक्यांची सलग नोंद ठेवणारं छोटं यंत्र, विचारून घ्या. पंधरा दिवसांतून एकदाच येत असेल तर होल्टरमध्येही ती सापडेलच असं नाही. मग जास्त दिवस लावायचं यंत्र आहे का, हे विचारा.

मी होल्टर लावलं ते मे महिन्यात. सोलापूरचा मे, पारा चाळिशीच्या वर, त्यात रात्री लाईट गेलेली. घामाने छातीवरच्या दोन पट्ट्या सुटल्या आणि पहाटेची नोंद वाया गेली. जेवढी नोंद मिळाली तिच्यात काही जादा ठोके दिसले.

हा जादा ठोका म्हणजे काय, ते कळल्यावर माझी निम्मी भीती गेली. एक ठोका वेळेआधी पडतो, मग किंचित थांबा येतो. त्या थांब्यात हृदयात रक्त जास्त भरतं, म्हणून पुढचा ठोका जोरात बसतो. आपल्याला वाटतं ठोका चुकला आणि धस्स झालं. चांगल्या धडधाकट माणसांनाही असे ठोके पडतात. रात्री आवाज नसतो, आणि डाव्या कुशीवर झोपलं की हृदय छातीच्या भिंतीशी टेकतं, म्हणून ते जास्त जाणवतात. मी कूस बदलतो. बरेचदा तेवढ्यावर भागतं.

डॉक्टरांपुढे नुसतं ‘धडधडतं हो’ म्हणणं ही दुसरी चूक. मी आता वही ठेवतो: किती वाजता, किती मिनिटं, एकदम बटण दाबल्यासारखं सुरू झालं की हळूहळू वाढलं, ठोके तालात की वेडेवाकडे, आणि मिनिटाला किती. एकदम सुरू होऊन एकदम थांबणारी, दीडशेच्या वर जाणारी धडधड असली तर डॉक्टर वेगळ्या दिशेने विचार करतात. ताल पूर्ण बिघडलेला असला तर आणखी वेगळ्या. नाडी मनगटावर पूर्ण मिनिटभर मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर वेड्यावाकड्या तालात आकडा फसतो. कोरोनात घेतलेलं ऑक्सिमीटर चालतं, पण अशा तालात त्याचाही भरवसा धरू नका.

ही वही डोक्यावर बसते, हेही सांगून ठेवतो. मध्यंतरी मी दर दहा मिनिटांनी नाडी धरायचो. मोजलं की घाबरायचो, घाबरलं की ठोके वाढायचे. शेवटी बायको म्हणाली, “अहो, झोपा की आता, ते मीटर जरा ठेवा बाजूला!” आता एका रात्री एकदाच मोजतो.

तिसरी चूक उसन्या गोळ्यांची. शेजारच्या काकांना धडधडीवर दिलेली गोळी मी एकदा मागून घेतली. त्या जातीच्या काही गोळ्यांनी दमेकऱ्याचा श्वास कोंडू शकतो, आणि रोज घेणाऱ्याने त्या एकदम बंद केल्या तर धडधड उलट उसळते. छातीत दुखण्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट तर बरेच जण खिशात घेऊनच फिरतात. तिने रक्तदाब उतरतो आणि ठोके आणखी वाढू शकतात.

“टेन्शन आहे”, “ॲसिडिटी आहे” हे शिक्के बायकांच्या वाट्याला जास्त येतात. आमच्या वहिनींना वर्षभर हेच ऐकवलं गेलं. शेवटी हिमोग्लोबिन तपासलं तर आठ. म्हणून हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर, पोटॅशियम एवढं तरी तपासून घ्या. घोरता का, झोपेत श्वास अडकतो का, हे शेजारी झोपणाऱ्याला विचारा. सर्दीच्या गोळ्या, दम्याचा पंप, थायरॉईडची जास्त झालेली गोळी, हे सगळं डॉक्टरांना सांगा. तंबाखू आणि मशेरीसुद्धा. मशेरीला आपल्याकडे व्यसन मानतच नाहीत, दात घासायची वस्तू म्हणून ती विचारण्यातूनच सुटते. तिच्यातही निकोटीन असतंच.

साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांना वेगळं सांगतो. आमच्या जिल्ह्यात पंढरपूर, त्यामुळे आषाढी एकादशी घरोघरी. दिवसभर उपास, वर चहा, आणि गोळी मात्र ठरल्या वेळी. रात्री धडधड, घाम आणि हातापायांना कापरं भरलं तर आधी साखर तपासा. ती उतरलेली असू शकते. यंत्र नसेल तर साखरपाणी द्या. उपासाच्या दिवशी गोळी कशी घ्यायची, हे आदल्या आठवड्यातच विचारून ठेवा.

आणि ज्यावर वही काढत बसायचंच नाही ते: छातीत दुखणं किंवा दाब, दम लागणं, डोळ्यांपुढे अंधारी, शुद्ध हरपणं, थांबायचं नावच न घेणारी वेगवान धडधड. 108 ला फोन करायचा, स्वतः गाडी चालवत जायचं नाही. घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं असेल तर तेही पहिल्याच भेटीत सांगायचं.

माझं दुसरं होल्टर गड्ड्याची यात्रा झाल्यावर, जानेवारीअखेर लावायचं ठरलंय. थंडीत पट्ट्या तरी सुटणार नाहीत. फक्त त्या रात्री नळाला पाणी यायला नको.