स्वल्पविरामावर फाईल तोडू नका

मामाची लातूरच्या मोंढ्यात आडत. काट्यावरच्या कॉम्प्युटरमधून रोजच्या पट्ट्यांची सीएसव्ही फाईल (स्वल्पविरामानं रकाने पाडलेला साधा मजकूर) निघते, तिच्यावरून पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत शेतकरीवार हिशोब लावायचं काम माझ्याकडं. पहिल्या दिवशी मी शहाणपणा केला आणि प्रत्येक ओळ स्वल्पविरामावर स्प्लिट केली, म्हणजे तोडली. संध्याकाळी मामा म्हणाले, "आरं, सोयाबीन चार रुपये क्विंटलनं कुणाला इकलास?"

फाईलमध्ये भाव "४,३५०" असा अवतरणात होता. माझ्या कोडनं त्याचे दोन तुकडे केले. चार भावात गेले, साडेतीनशे हमालीत.

अवतरणातला स्वल्पविराम वेगळा आणि रकाने पाडणारा वेगळा, हे ओळखणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोड, पायथॉनसोबत आयतीच मिळते. नावही सीएसव्हीच. २००३ साली २.३ आवृत्तीत आली, पायथॉनसारखीच ओपन सोर्स. इम्पोर्ट केली की झालं.

फाईल उघडताना ओपनच्या न्यूलाइन या पर्यायाला रिकामी स्ट्रिंग (रिकामा मजकूर) द्या. विंडोजवर नवी फाईल लिहिताना हे विसरलात, तर एक्सेलमध्ये एकाआड एक ओळ कोरी दिसते.

मला खरं छळलं ते एन्कोडिंगनं, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीनं. पहिला रकाना 'पट्टी'. प्रिंट केलं की 'पट्टी' दिसायचं, मागितलं की कीएरर, म्हणजे 'या नावाचा रकानाच नाही'. दोन तास डोकं खाल्लं! एक्सेलमधून यूटीएफ-८ म्हणून सेव्ह केलेल्या फाईलच्या तोंडाशी तीन बाइटची न दिसणारी खूण असते, ती शीर्षकाला चिकटली होती. एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' दिलं की ती गळून पडते.

मग त्याच लायब्ररीतला डिक्टरीडर लावा, तो प्रत्येक ओळ रकान्यांच्या नावांनिशी देतो. रकाने क्रमांकानं मोजू नका, काट्यावाल्यानं मध्येच 'तोलाई'चा रकाना घातला की सगळं सरकतं. नावानं घ्या. टॅबनं तोडलेली फाईल असेल तर डिलिमिटर (रकाने पाडणारं चिन्ह) तेवढा बदला.

हातात येतं ते सगळं स्ट्रिंग. पट्टी नंबर ००४७ आहे तसाच राहतो, हे बरंच. भावातला स्वल्पविराम मात्र रिप्लेसनं काढून मगच डेसिमल (अचूक दशांश संख्या) करा, पैशाला फ्लोट (अंदाजे दशांश) नको. आणि मुनीमजींनी मराठी आकडे टाकले असले तर टाकू द्या, पायथॉनच्या इंटला (पूर्णांकाला) आणि डेसिमललाही ते वाचता येतात. हे मामांना सांगितलं तर म्हणाले, "मग तुला कशाला ठिवलंय?"