पोरगं गांजा ओढतंय कळल्यावर: या चुका टाळा

कोल्हापुरात माझ्याकडं समुपदेशनाला येणाऱ्या पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला. "मॅडम, ह्याला नाद लावला कुणी?" रंकाळ्यावरचं टोळकं, राजारामपुरीतला क्लास, पुण्याहून सुट्टीला येणारा मावसभाऊ, अशी संशयितांची यादी घरूनच तयार असते. पण पहिला झुरका कितव्या वर्षी मारला, आठवड्यातून किती वेळा ओढतो, चौघांत ओढतो की एकटाच, हे विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. सवय पुढं जडेल की नाही, याचा अंदाज मात्र बराचसा याच उत्तरांवरून येतो.

"वयच आहे, सुटेल आपोआप"

हे म्हणणारे बहुधा काका असतात. स्वतः कॉलेजात चारदोनदा ओढून सोडलेले. अमेरिकेत १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, आयुष्यात कधी ना कधी गांजा घेतलेल्यांपैकी साधारण ९ टक्के लोकांना पुढं त्याचं व्यसन जडलेलं दिसलं. सुरुवात किशोरवयात झाली असेल तर हे प्रमाण सहात एकापर्यंत जातं, आणि रोज ओढणाऱ्यांत त्याच्याही बरंच वर. काकांनी विशीत सुरू केलं, पुतण्यानं नववीत. दोघांचा हिशेब एक कसा?

मेंदूचा 'आता बास' म्हणणारा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. यावर हुशार लोकांचा सवाल असतो, की लवकर सुरू करणाऱ्यांच्या घरातच गडबड असते, मग दोष गांज्याचा कसा? घराचा वाटा असतोच. बापाचं व्यसन, लहानपणी खाल्लेला मार, शाळेत कायम चंचल आणि भांडखोर म्हणून लागलेला शिक्का, हे सगळं जोखीम वाढवतं. पण २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या जुळ्यांच्या अभ्यासात, एकाच घरात वाढलेल्या जोडीपैकी ज्यानं सतराच्या आत सुरू केलं, त्याला पुढं नशेचा त्रास जास्त झालेला आढळला. म्हणजे सगळंच घरावर ढकलता येत नाही.

आणि एका झुरक्यात पोरगं वाया गेलं म्हणून धाय मोकलून रडणाऱ्या आईलाही मी तोच सहात एकाचा आकडा सांगते. उरलेले पाच त्यातच आहेत.

मेडिकलमधून किट आणणं

याचा मला मनापासून राग आहे. उद्यमनगरात लेथ चालवणारे एक गृहस्थ होते, सगळं मापात लागणारा माणूस. मुलगा अकरावीत, वर्षभर जवळपास रोज ओढणारा. समजावल्यावर सोडायला तयार झाला. वडिलांनी लगेच लघवी तपासायच्या पट्ट्यांचं पाकीट आणलं. दर रविवारी सकाळी बाथरूमच्या खिडकीत प्लास्टिकचा कप ठेवलेला. पहिल्या रविवारी पट्टीवर गांजा आला, दुसऱ्या रविवारी आला, तिसऱ्यालाही आला. त्या दिवशी आजीसमोर कानाखाली वाजली.

पोरानं खरोखर सोडलं होतं. गांज्यातला नशेचा घटक चरबीत मुरतो. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत तो सोडल्यानंतर महिनाभर, कधी त्याहून जास्त दिवस सापडतो. शिवाय त्या दिवसांत मुलाला झोप नव्हती, ताटावर बसला की दोन घासांत उठायचा, कुणी हाक मारली तरी खेकसायचा. ही सोडल्याची लक्षणं असतात. ती एकदोन दिवसांत सुरू होतात, पहिल्या आठवड्यात जोर धरतात, साधारण दोन आठवड्यांत ओसरतात. घरच्यांनी त्याचा अर्थ लावला, की ओढूनच आलाय. चौथ्या रविवारी पोरगं खरंच ओढून आलं. मला म्हणालं, "न ओढताबी मार खायाचाच हाय, मग ओढून खातो की." यात आमचे कित्येक महिने गेले.

दुसरी गंमत म्हणजे या पट्ट्या उलट्या वाचल्या जातात. एक रेघ म्हणजे गांजा सापडला. दोन रेघा, दुसरी कितीही फिकट असली तरी, म्हणजे नाही सापडला. फिकट दुसरी रेघ बघून "थोडा ओढलाय" म्हणणाऱ्या आया मी पाहिल्यात.

माझी पद्धत साधी आहे. सुरुवातीचे सहा आठवडे पट्टी कपाटात. एक वही घ्यायची आणि झोप किती, जेवण किती, आज भांडण कशावरून, एवढंच लिहायचं. मुलानं स्वतः लिहिलं तर उत्तम. पालकांना हे फार संथ वाटतं. वाटू दे.

मावा मोजायचा नाही

"तसलं काय न्हाई वो, फक्त मावा खातोय." हा 'फक्त' बारातेराव्या वर्षापासून सुरू असतो. माव्यात तंबाखू असते, आणि लवकर सुरू झालेली तंबाखू ही गांज्याच्या आधीची ठळक खूण आहे. त्यात आपल्याकडं सिगारेट रिकामी करून तंबाखूत गांजा मिसळून परत भरतात. म्हणजे सोडताना पोराला दोन सवयी एकदम सोडाव्या लागतात, आणि घरचे एकीचंच नाव घेत बसतात.

रंगपंचमीला पोराला भांग पाजणं

तालमीतल्या बदाम-खसखशीच्या थंडाईबद्दल मी बोलत नाही, त्यात भांग नसते. गच्चीवर मामाच चौदा वर्षांच्या भाच्याच्या हातात भांगेचा पेला देतो, त्याबद्दल बोलतेय. केंद्राच्या १९८५ च्या कायद्यात गांज्याच्या व्याख्येत नुसती पानं धरलेली नाहीत, म्हणून भांग निरुपद्रवी, असा समज आहे. झाड तेच, नशेचा घटक तोच. पोटातून तो सावकाश चढतो, तासभर काही होत नाही, मग पोरगं दुसरा पेला मागतं.

२६ जूनचं व्याख्यान

त्या दिवशी शाहू जयंतीही असते आणि अमली पदार्थविरोधी दिनही, त्यामुळं शाळांना एका दगडात दोन कार्यक्रम मिळतात. नवे उत्साही कार्यकर्ते कवटीची चित्रं घेऊन येतात, तासाभरात शपथ, फोटो, चहा. मागच्या बाकावरच्या पोराला ठाऊक असतं की त्याचा मित्र ओढतो आणि मेलेला नाही. मग त्याचा खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो. ज्यांना घाई आहे त्यांनी वृक्षारोपण करावं.

बाकीच्या, थोडक्यात

पोराचं लग्न लावणं: नको. मामाच्या गावाला धाडणं: गांजा तिथंही मिळतो. घरात कुणाला स्किझोफ्रेनिया असेल आणि पोरगं ओढून संशयी बोलायला लागलं असेल, तर माझ्याकडं नको, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडं न्या. आणि 'न सांगता चहात मिसळा'वाली पावडर टाकून द्या. गांज्याच्या व्यसनावर अजून कुठलंच मान्यताप्राप्त औषध नाही, उपचार मुख्यतः बोलण्याचे आहेत आणि त्यात घरच्यांनाही बसावं लागतं. सीपीआरमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, दाखवता येतं. १४४४६ ही व्यसनमुक्तीची आणि १४४१६ ही टेली-मानसची हेल्पलाइन आहे, दोन्ही मोफत. फोन पोराच्या पाठीमागं लावू नका, त्याला शेजारी बसवून स्पीकरवर लावा.